एका कॉम्प्युटरवर दोन जावा सुखानं नांदवण्यासाठी

२९ मेची दुपार. दारव्हा तालुक्यातल्या एका गावातून, सेवा केंद्र चालवणाऱ्या पोराचा फोन आला. “सर, काल तं बराबर चालू होतं, आज काहून बंद पडलं?” त्याच्या शेजारी जिनिंगचे मुनीमजी मांडीवर फाइल घेऊन बसलेले. शेवटच्या तिमाहीचं टीडीएसचं विवरणपत्र ३१ मेपर्यंत द्यावं लागतं, उशीर झाला की दिवसाला २०० रुपये. आणि विवरणपत्र तपासणारा प्रोग्रॅम उघडायला गेलं की काळी खिडकी क्षणभर चमकायची आणि गायब व्हायची. पोरानं सकाळपासून दोनदा जावा, म्हणजे असे प्रोग्रॅम ज्याच्या जोरावर चालतात ते सॉफ्टवेअर, काढून दोनदा टाकला होता. मोबाइलचा दिवसभराचा डेटा त्यातच संपला. आता तो विंडोजच नव्यानं टाकायच्या बेतात होता.

मी विचारलं, “काल रात्री कोनी काही टाकलं का यात?”

“म्या तं नाही टाकलं. भाच्यानं टाकलं होतं कायतरी कॉलेजचं, ॲप बनवाचं.”

तिथंच उलगडा झाला. कॉम्प्युटर बिघडलेला नव्हता, जावाही बिघडलेला नव्हता. कॉम्प्युटरमध्ये आता दोन जावा होते आणि प्रोग्रॅमला चुकीचा सापडत होता. ही दुरुस्ती दहा मिनिटांची आहे, तिला इंटरनेट लागत नाही आणि पैसेही लागत नाहीत. पण ती माहीत नसली की अख्खा दिवस जातो. शिवाय दाखल्यासाठी बारा-पंधरा किलोमीटरवरून मजुरी पाडून आलेला माणूस हात हलवत परत जातो, ते मला बघवत नाही. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

एक सूचना आधीच. खालच्या सगळ्या कमांड आणि फोल्डरची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत, मी फोनवर सांगतो तशी. टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच वापरा. टक्क्याचं चिन्ह, अर्धविराम, उलटी तिरपी रेघ ही चिन्हं मात्र जशी दिसतात तशीच द्या.

कॉम्प्युटर जावा शोधतो कसा

आपल्याकडे कोणत्याही गावात गजानन नावाची तीन-चार माणसं असणारच. समजा तहसीलची नोटीस आली आणि तिच्यावर फक्त ‘गजानन’ एवढंच लिहिलं आहे. कोतवाल नेहमीच्या फेरीच्या क्रमानं निघतो. पहिल्या ज्या घरात गजानन भेटला, तिथं नोटीस देऊन परत येतो. पुढच्या गल्लीत दुसरा गजानन आहे आणि खरी नोटीस त्याची आहे, हे तो बघत नाही. त्याला सांगितलेलंच तेवढं होतं.

विंडोजमध्ये या फेरीच्या यादीला ‘पाथ’ म्हणतात. ती फोल्डरांची रांग असते, दोन फोल्डरांच्या मध्ये अर्धविराम. कोणी ‘जावा’ म्हटलं की विंडोज या रांगेतल्या पहिल्या फोल्डरात डोकावतो, तिथं ‘जावा.ईएक्सई’ नसेल तर दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. सापडला की शोध थांबतो. भाच्यानं नवा जावा टाकला तेव्हा त्याच्या इन्स्टॉलरनं स्वतःचं फोल्डर या रांगेत सगळ्यात पुढे नेऊन ठेवलं. जुना जावा जागेवरच होता, पण फेरी त्याच्यापर्यंत पोचतच नव्हती. पोरानं जुना जावा कितीही वेळा काढून परत टाकला असता तरी उपयोग झाला नसता.

दुसरी गोष्ट ‘जावा_होम’. हे नोटिशीवर लिहिलेल्या पूर्ण पत्त्यासारखं आहे. काही प्रोग्रॅम कोतवालाला विचारतच नाहीत, थेट हा पत्ता वाचून त्या घरी जातात. टॉमकॅट, मेव्हन, ग्रेडल ही मंडळी त्यातली. म्हणून ‘पाथ’ बरोबर आणि ‘जावा_होम’ चूक, किंवा उलट, असं असलं की एक प्रोग्रॅम चालतो आणि दुसरा अडतो. माणूस गोंधळतो तो इथंच.

एकाच कॉम्प्युटरवर दोन जावा लागतात तरी का? जावा ८ मार्च २०१४ मध्ये आला आणि आपल्याकडचे हिशोबाचे, सहीचे, विवरणपत्राचे कितीतरी प्रोग्रॅम त्याच्यावर बेतलेले आहेत. सप्टेंबर २०१८ मध्ये जावा ११ आला तेव्हा जुने बरेच भाग त्यातून काढून टाकले गेले. एक्सएमएल प्रकारच्या फाइली वाचायचा एक भाग गेला, खिडक्या-बटणं काढणारा जावाएफएक्स वेगळा झाला, वेबवरून प्रोग्रॅम सुरू करायची सोय गेली. ज्या जुन्या प्रोग्रॅमला हे भाग लागतात तो नव्यावर उघडत नाही. उलट भाच्याचं काम जुन्यावर होत नाही. अँड्रॉइड ॲप बांधणाऱ्या प्लगिनच्या (जोड-प्रोग्रॅमच्या) ८ व्या आवृत्तीपासून जावा १७ लागतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. एकाला काढून दुसऱ्याला ठेवणं हा उपाय नव्हे.

काही काढण्याआधी, काही टाकण्याआधी, विचारा

हा भाग घाई न करता करा. बाकी सगळं यावर उभं आहे.

विंडोजचं बटण आणि ‘आर’ एकत्र दाबा, ‘सीएमडी’ लिहून एंटर करा. काळी खिडकी उघडेल. पहिला प्रश्न:

व्हेअर जावा

‘व्हेअर’ म्हणजे ‘कुठे’ या अर्थाचा इंग्रजी शब्दच, स्पेलिंगही तेच. उत्तरात एक किंवा जास्त ओळी येतील. रांगेत जितके जावा आहेत तितक्या ओळी, आणि त्याही शोधाच्या क्रमानं. सगळ्यात वरची ओळ म्हणजे सध्या चालणारा जावा. त्या दुपारी पोरानं मला दोन ओळी वाचून दाखवल्या. वरच्या ओळीत २१ हा आकडा होता, खालच्या ओळीत १.८. निदान झालं.

निळी खिडकी म्हणजे पॉवरशेल उघडली असेल तर ‘व्हेअर’ चालणार नाही, कारण तिथं त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तिथं ‘व्हेअर.ईएक्सई जावा’ असं पूर्ण लिहावं लागतं. नवशिक्यानं काळी खिडकीच वापरावी.

दुसरा प्रश्न:

जावा -व्हर्जन

‘जावा’नंतर जागा सोडा, मग आडवी रेघ, आणि रेघेला चिकटून ‘व्हर्जन’. उत्तरात १.८.० असं दिसलं तर तो जावा ८. जावा ९ पासून पुढं आधीचा एक आणि टिंब गेलं. ११ म्हणजे अकराच, १७ म्हणजे सतराच. १.८ बघून “हा तं पहिला जावा दिसते, लयच जुना” असं म्हणत तो काढून टाकणारे मी पाहिले आहेत. तो आठवाच असतो, काढू नका.

तिसरा प्रश्न:

इको %जावा_होम%

उत्तरात फोल्डरचा पत्ता आला तर तो कागदावर उतरवा. जे लिहिलं तेच जसंच्या तसं परत आलं तर ‘जावा_होम’ ठरवलेलाच नाही, आणि त्यात काही वाईट नाही. पत्ता आला असेल तर ते फोल्डर खरंच अस्तित्वात आहे का, तेही माय कॉम्प्युटरमधून उघडून पाहा. जावा अपडेट झाला की फोल्डरच्या नावातला आकडा बदलू शकतो आणि जुना पत्ता पडक्या घराचा होऊन बसतो. “कोनी हात नाही लावला तरी बंद पडलं” या तक्रारीमागं बरेचदा हेच निघतं.

प्रोग्रॅमला कोणता जावा हवा, हे त्यालाच विचारा

काळी खिडकी चमकून गायब होते तेव्हा ती खरं तर काहीतरी सांगून जात असते, आपल्याला वाचायला वेळ मिळत नाही एवढंच. प्रोग्रॅमचं फोल्डर उघडा, वर जिथं फोल्डरचा पत्ता दिसतो तिथं क्लिक करून ‘सीएमडी’ लिहा आणि एंटर करा. त्या फोल्डरात उभी असलेली काळी खिडकी मिळते. तिच्यात हे लिहा (‘.जार’ ही जावाच्या प्रोग्रॅमची फाइल असते):

जावा -जार प्रोग्रॅमचंनाव.जार

आता जी चूक येईल ती स्क्रीनवर टिकून राहते. मोबाइलनं तिचा फोटो काढा.

चुकीच्या ओळीत ‘अनसपोर्टेड क्लास व्हर्जन’ असे शब्द आणि दोन आकडे दिसले, उदाहरणार्थ ६१.० आणि ५२.०, तर मी पोरांना एक साधी वजाबाकी शिकवतो: त्या आकड्यातून ४४ वजा करा. ६१ मधून ४४ गेले, राहिले १७, म्हणजे प्रोग्रॅमला जावा १७ पाहिजे. ५२ मधून ४४ गेले, राहिले ८, म्हणजे त्याला सापडलेला जावा ८ आहे. ५५ म्हणजे ११, ६५ म्हणजे २१. एवढं पाठ झालं की कोणाला फोन करायची गरज राहत नाही.

ही चूक आली म्हणजे सापडलेला जावा जुना पडला. उलट परिस्थितीत, म्हणजे प्रोग्रॅम जुना आणि जावा नवा असेल तर, अशी नेमकी आकडेवारी येत नाही. ‘नो क्लास डेफ फाउंड’ किंवा ‘क्लास नॉट फाउंड’ असं काहीतरी येतं आणि पुढं ‘जावाएक्स’, ‘एक्सएमएल’, ‘बाइंड’ किंवा ‘जावाएफएक्स’ असे शब्द दिसतात. असे शब्द दिसले की प्रोग्रॅम जावा ८ मागतो आहे असं समजून चाला.

जावा कुठं आणि कोणता ठेवावा

‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरच्या नावात मध्ये जागा आहे आणि त्या जागेमुळे जुने प्रोग्रॅम अडखळतात. म्हणून मी सी ड्राइव्हवर थेट दोन फोल्डर करतो:

सी:\जावा८
सी:\जावा१७

इन्स्टॉलर न वापरता झिप फाइल आणून यांच्यात उघडतो. झिप स्वतःहून पाथला हात लावत नाही, कोणतीही नोंद बदलत नाही. एक्लिप्स ॲडॉप्टियमचा टेम्युरिन नावाचा जावा झिपमध्ये मिळतो आणि व्यवसायासाठीही फुकट आहे. जावा बनवणाऱ्या ओरॅकल कंपनीनं एप्रिल २०१९ पासून जावा ८ च्या नव्या अपडेटचा परवाना बदलला; वैयक्तिक वापर फुकट राहिला, पण धंद्याच्या कामासाठी पैसे द्यावे लागतात. सेवा केंद्र हा धंदाच आहे, तेव्हा हे लक्षात असू द्या. टेम्युरिनमध्ये जावाएफएक्स मात्र नसतो. प्रोग्रॅमला तो लागत असेल तर अझुल झुलू किंवा लिबेरिका यांचा जावाएफएक्ससहितचा जावा ८ घ्या.

नुसता प्रोग्रॅम चालवायचा असेल तर जेआरई, म्हणजे फक्त चालवणारा जावा, पुरतो; जेडीके, म्हणजे प्रोग्रॅम बनवायची अवजारंही असलेला जावा, त्यापेक्षा तो बराच लहान असतो. मोबाइल डेटावर काम करणाऱ्यांना हा फरक जाणवतो. तालुक्याला आलात की दोन्ही झिप पेनड्राइव्हमध्ये भरून न्या आणि तो पेनड्राइव्ह केंद्राच्या कपाटात ठेवा.

झिप उघडली की बहुतेक वेळा आत आणखी एक लांब नावाचं फोल्डर निघतं. त्याच्या आतलं सगळं उचलून एक पायरी वर आणा. ‘सी:\जावा८’ उघडल्यावर लगेच ‘बिन’ नावाचं फोल्डर दिसलं पाहिजे आणि त्यात ‘जावा.ईएक्सई’. दिसत नसेल तर पुढं जाऊ नका.

पाथ आणि जावा_होम बदलणं

आधी जुन्या पाथची प्रत ठेवा. काळ्या खिडकीत:

पाथ > डी:\जुनापाथ.टीएक्सटी

डी ड्राइव्ह नसेल तर दुसऱ्या कोणत्याही फोल्डरचा पत्ता द्या. पुढं जी यादी उघडणार आहे तिचा मोबाइलवर फोटोही काढा. आमच्याकडं उन्हाळ्यात लाइन कधी जाईल सांगता येत नाही. अर्धवट बदल झाला तर हा फोटो कामी येतो.

विंडोज आणि आर दाबून हे लिहा, एकेक अक्षर: एस, वाय, एस, डी, एम, टिंब, सी, पी, एल. एंटर केल्यावर येणाऱ्या चौकटीत ‘ॲडव्हान्स्ड’ भागात जा आणि तळाशी असलेलं ‘एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स’ दाबा. दोन याद्या दिसतील. वरची फक्त तुमच्या नावाच्या खात्याची, खालची पूर्ण कॉम्प्युटरची, म्हणजे ‘सिस्टम’ची. खालची बटणं फिकट दिसत असतील तर तुमच्या खात्याला ॲडमिनचे हक्क नाहीत.

दोन्ही याद्यांमध्ये पाथ असतो. विंडोज दोन्ही जोडतो तेव्हा सिस्टमचा आधी ठेवतो, तुमचा नंतर. कोतवाल आधी मुख्य गाव फिरतो, मग वाडीवर जातो, तसंच हे. म्हणून वरच्या यादीत कितीही पुढं जावा लिहिला तरी सिस्टमच्या यादीत दुसरा जावा असेल तर तोच जिंकतो. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या निम्म्या अडचणींचं मूळ वरच्या आणि खालच्या यादीच्या या गोंधळात असतं.

खालच्या यादीत ‘न्यू’ दाबा. नावाच्या जागी ‘जावा_होम’, सगळी अक्षरं मोठी, मध्ये खालची रेघ. ‘व्हॅल्यू’च्या जागी ‘सी:\जावा८’. शेवटी ‘\बिन’ लावायचा नाही, अर्धविराम नाही, अवतरणचिन्हं नाहीत. पत्ता घराचा द्यायचा असतो, स्वयंपाकघराचा नाही. बिन हे आतलं दालन प्रोग्रॅम स्वतः शोधतो.

मग त्याच खालच्या यादीत ‘पाथ’ निवडून ‘एडिट’. विंडोज १० आणि ११ मध्ये ओळींची सुटसुटीत यादी येते. ‘न्यू’ दाबून लिहा:

%जावा_होम%\बिन

आणि ‘मूव्ह अप’ दाबत ही ओळ सगळ्यात वर न्या. वर न्यायची विसरलात तर केलेलं सगळं वाया. ओरॅकलच्या इन्स्टॉलरनं टाकलेली ‘कॉमन फाइल्स\ओरॅकल\जावा\जावापाथ’ अशी ओळ बहुधा वरच बसलेली असते. तिला काढायचं नाही, आपली ओळ तिच्या वर गेली की पुरे. तिन्ही चौकटी ‘ओके’ करत बंद करा. फुलीनं बंद केल्या तर बदल जातो.

‘जावा_होम’ वरच्या यादीत आणि ‘%जावा_होम%\बिन’ खालच्या यादीत, असं करू नका. सिस्टमची यादी आधी उलगडते, त्या वेळी तुमच्या खात्यातलं नाव तिला माहीतच नसतं. दोन्ही एकाच यादीत ठेवा.

आता सगळ्यात जास्त लोक जिथं फसतात ते. आधीपासून उघडी असलेली काळी खिडकी जुनाच पाथ घेऊन बसलेली असते. ती बंद करून नवी उघडा आणि मग ‘व्हेअर जावा’ विचारा. प्रोग्रॅम उघडा असेल तर तोही बंद करून पुन्हा सुरू करा. मागं सतत चालणारी एखादी सर्व्हिस असेल तर सरळ कॉम्प्युटर रीस्टार्ट करा.

यूट्यूबवर ‘सेट-एक्स’ ही कमांड वापरून एका ओळीत पाथ बदलायची युक्ती दाखवतात. कृपा करून ती वापरू नका. ती १०२४ अक्षरांपुढचा पाथ कापून टाकते, शिवाय दोन्ही याद्या एकत्र कालवते. कापलेला भाग परत येत नाही.

चूल वेगळी मांडणं

वर सांगितलेली रीत बरोबर आहे, पण मी स्वतः आता ती शेवटी वापरतो. एका प्रोग्रॅमसाठी अख्ख्या कॉम्प्युटरचा पाथ बदलला की मुनीमजींचं काम होतं आणि भाच्याचं अडतं. मग तो रात्री परत बदलतो. एका घरात दोन जावांचं पटत नसेल तर शहाणी सासू घर मोडत नाही, चूल वेगळी मांडून देते. कॉम्प्युटरवरही तेच करावं: ज्या प्रोग्रॅमला जुना जावा हवा, त्याच्यापुरता तो द्यावा, बाकी कशाला हात लावू नये.

यासाठी नोटपॅडमध्ये ही सात ओळींची बॅच फाइल, म्हणजे ओळीनं चालवायच्या कमांडची फाइल, लिहा:

@इको ऑफ
सेटलोकल
सीडी /डी "%~डीपी०"
सेट "जावा_होम=सी:\जावा८"
सेट "पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%"
जावा -जार "प्रोग्रॅमचंनाव.जार"
पॉज

तिसऱ्या ओळीत ‘डीपी’ ही इंग्रजी अक्षरं आणि पुढं शून्य आहे. ती ओळ सांगते की फाइल ज्या फोल्डरात आहे तिथंच उभं राहा. चौथी ओळ पत्ता देते. पाचवी ओळ आपला जावा रांगेत पुढं आणते, पण फक्त या खिडकीपुरता. खिडकी बंद झाली की सगळं पूर्ववत. ‘बरोबर’च्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडू नका, नाहीतर ती जागा नावाचा किंवा पत्त्याचा भाग होते. शेवटचा ‘पॉज’ खिडकीला थांबवून ठेवतो, म्हणजे चूक आली तर वाचता येते. सगळं नीट चालू लागलं की ती ओळ काढली तरी चालेल.

सेव्ह करताना खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा आणि नावाच्या शेवटी ‘.बॅट’ द्या. तसं न केल्यास नोटपॅड मागं ‘.टीएक्सटी’ चिकटवतो आणि डबल क्लिक केल्यावर प्रोग्रॅमऐवजी नोटपॅडच उघडतो. फाइल प्रोग्रॅमच्याच फोल्डरात ठेवा आणि डेस्कटॉपवर तिचा शॉर्टकट द्या. जुना शॉर्टकट काढून टाका, नाहीतर सवयीनं हात तिकडंच जातो.

या रीतीला ॲडमिनचे हक्क लागत नाहीत. शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर, जिथं पासवर्ड दुसऱ्याकडं असतो, तिथं हाच मार्ग उरतो. ‘सी’वर फोल्डर करता येत नसेल तर जावाचं फोल्डर ‘डी’वर ठेवा आणि चौथ्या ओळीत तो पत्ता लिहा.

डबल क्लिक पाथला विचारत नाही

पाथ बदलला, ‘जावा -व्हर्जन’ बरोबर दाखवतो, तरी जार फाइलवर डबल क्लिक केल्यावर जुनीच रड. असं का? डबल क्लिकच्या वेळी विंडोज पाथ बघतच नाही. ‘.जार फाइल कोणाकडं द्यायची’ याची वेगळी नोंद त्याच्याकडं असते आणि तिच्यात एका ठरावीक ‘जावाडब्ल्यू.ईएक्सई’चा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ती नोंद बघायची तर काळ्या खिडकीत ‘एफटाइप जारफाइल’ विचारा. नोंद बदलता येते, पण मी बदलत नाही. वरची बॅच फाइल असली की तिची गरजच राहत नाही. जार फाइलवर थेट डबल क्लिक करायची सवय तेवढी सोडा.

३२ आणि ६४

डिजिटल सहीचं डोंगल वापरणाऱ्यांनी हे वाचाच. ‘जावा -व्हर्जन’च्या शेवटच्या ओळीत ‘६४-बिट’ लिहिलेलं असेल तर जावा ६४ बिटचा, नसेल तर ३२ चा. ३२ बिटचे प्रोग्रॅम साधारणपणे ‘प्रोग्रॅम फाइल्स (एक्स८६)’ मध्ये बसतात. डोंगलचा ड्रायव्हर ६४ बिटचा आणि जावा ३२ चा असेल तर जावा त्या ड्रायव्हरची फाइल उघडूच शकत नाही, आणि प्रोग्रॅम ‘टोकन सापडलं नाही’ म्हणतो. माणूस डोंगल बदलून बघतो, यूएसबीची भोकं बदलून बघतो. आधी दोन्हींचे बिट जुळतात का ते पाहा.

३२ बिटच्या जावाला मेमरीही फार घेता येत नाही. ‘ऑब्जेक्ट हीप’साठी जागा मिळाली नाही अशी चूक आली आणि कॉम्प्युटरमध्ये रॅम भरपूर असेल, तर तिथंही हेच कारण शोधा.

फोल्डरला मराठी नाव

आपल्या भाषेत नाव द्यावंसं वाटतं आणि विंडोज ते आनंदानं घेतो. पण विंडोजवरचा जुना जावा फाइलींची नावं जुन्या पद्धतीच्या अक्षरसंचातून वाचतो आणि त्या संचात देवनागरी नाही. ‘टीडीएस २०२५’ असं देवनागरीत लिहिलेलं फोल्डर त्याला प्रश्नचिन्हांची माळ दिसते आणि तो ‘जार फाइल सापडत नाही’ म्हणतो. म्हणून प्रोग्रॅम, जावा आणि डेटा यांच्या पूर्ण पत्त्यात कुठंही मराठी अक्षर नसावं. विंडोजच्या खात्याचं नाव देवनागरीत असेल तर डेस्कटॉप आणि डाउनलोड्सच्या पत्त्यातही ते येतं. अशा कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम थेट ‘सी’ किंवा ‘डी’वर ठेवा. मराठीत काम करणाऱ्यालाच ही शिक्षा मिळते याचं मला मनापासून वाईट वाटतं, पण आज तरी हाच उपाय आहे.

पाथच पुसला गेला असेल तर

घाबरू नका. ‘व्हेअर’ किंवा ‘पिंग’ लिहिल्यावर ‘ही कमांड ओळखत नाही’ असं आलं तर सिस्टमच्या पाथमधल्या मूळ ओळी गेल्या आहेत. त्याच चौकटीत जाऊन या चार ओळी परत लिहा:

%सिस्टमरूट%\सिस्टम३२
%सिस्टमरूट%
%सिस्टमरूट%\सिस्टम३२\डब्ल्यूबीईएम
%सिस्टमरूट%\सिस्टम३२\विंडोजपॉवरशेल\व्ही१.०\

विंडोज उठून बसेल. बाकीच्या ओळी जुन्या पाथच्या फाइलमधून किंवा फोटोतून भरा. यासाठी फॉरमॅट मारायची गरज नाही.

लिनक्सवाल्यांसाठी थोडक्यात

उबुंटूवर जावा ‘/यूएसआर/लिब/जेव्हीएम’ मध्ये बसतात. ‘सुडो अपडेट-अल्टरनेटिव्हज --कॉन्फिग जावा’ ही कमांड दिली की क्रमांक टाकून निवडता येतो. ‘जावा_होम’ घरच्या फोल्डरातल्या ‘.प्रोफाइल’ फाइलमध्ये ‘एक्स्पोर्ट’ लावून लिहा आणि लॉगआउट करून परत या. तिथं फोल्डरांच्या मध्ये अर्धविराम नसतो, विसर्गासारखं दोन टिंबांचं चिन्ह असतं.

विंडोजवर पायथॉन या भाषेचंही दुखणं तेच आणि निदानही तेच: ‘व्हेअर पायथॉन’. वरच्या ओळीत ‘विंडोजॲप्स’ दिसलं आणि पायथॉनऐवजी मायक्रोसॉफ्टचं दुकान उघडलं, तर सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ शोधून पायथॉनची दोन बटणं बंद करा.

त्या दुपारी मी पोराला पाथला हात लावू दिला नाही. तालुक्याला येणाऱ्या काळीपिवळीतून पेनड्राइव्ह मागवायचीही गरज पडली नाही, कारण जावा ८ त्याच्याकडं होताच. “पाचवी ओळ वाच बरं,” असं म्हणत म्हणत सात ओळी फोनवर लिहून घेतल्या. चौथ्या ओळीत त्यानं ‘\बिन’ लावला होता, तो काढायला लावला. सव्वादोनला प्रोग्रॅमची खिडकी उघडली आणि तशीच उघडी राहिली. मुनीमजींनी फोन हातात घेऊन विचारलं, “आता भाच्याचं काढाव लागते काय?” मी म्हटलं, “नाही, मुनीमजी, त्याचं त्याच्यापाशी राहू द्या.” रात्री भाच्याचाही फोन आला. त्याला ती बॅट फाइल दिसली होती आणि जावा १७ साठी तशीच एक हवी होती. मी त्याला म्हटलं, चौथी ओळ बदल, सहावीत तुझ्या प्रोग्रॅमचं नाव टाक, बाकी तीच ठेव.